दक्षिण दाराचा फ्लॅट

मला कुणी बिल्डर म्हटलं की माझं डोकं सटकतं. धंदा तोच आहे, नाकारत नाही. पण बिल्डर म्हटलं की लोकांना पांढरी गाडी, गळ्यात साखळी आणि पुढाऱ्याशेजारी फ्लेक्सवर हसणारा माणूस दिसतो. माझ्याकडे स्कूटर आहे. तिच्या डिकीत टेप, ओळंबा आणि ॲसिडिटीच्या गोळ्या असतात. तीसेक वर्षं झाली, नाशकात लहान लहान इमारती बांधतोय. सात फ्लॅट, आठ फ्लॅट, फार तर बारा. माझ्या इमारतीपुढे कारंजं नसतं, गच्चीवर पोहायचा तलाव नसतो, आणि तलाव का नाही असं विचारणाऱ्याला मी सरळ गोदावरीवर जायला सांगतो.

सुरुवात नाशिक रोडला केली. तिथे नोटांच्या प्रेसमधले कामगार, रेल्वेतली माणसं, शाळेतले मास्तर आणि शिपाई घरं घ्यायचे. रविवारी सगळं घरदार डबे घेऊन साइटवर यायचं. वीटकाम झालं की भिंतींना रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर काम कच्चं राहतं. ते पाणी मारायला ही माणसं स्वतः यायची. माझ्या माणसांवर विश्वास नव्हता असं नाही, पण आपल्या भिंतीला पाणी आपण पाजायचं अशी त्यांची हौस. बायका पदर खोचून पाइप धरायच्या, पोरं भिजायची. मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहत होतो. घेणाऱ्याची आणि बांधणाऱ्याची ऐपत साधारण सारखीच होती, म्हणून जमायचं.

आता जमत नाही. का जमत नाही, हे मला लग्नात कुणीतरी पान चघळत विचारतं आणि वर म्हणतं, तुम्ही लोक फार खाता हो. अहो, काय खातो? जागेचा भाव ऐकून मलाच घेरी येते. सिंहस्थ येणार, रिंग रोड होणार, मुंबईची माणसं येणार, म्हणून काल जिथे द्राक्षबाग होती ती जमीन आज सोन्याची झाली, आणि तिथे अजून साधी गटार नाही. स्टील आपल्या मर्जीने वाढतं. वाळूचं तर नावच काढू नका. नकाशा मंजूर करून घ्यायचा तर शुल्कांची ही रांग. ज्याच्याकडे एकच जुनी दुचाकी आहे त्याच्यासाठीही मी चारचाकीची जागा सोडायची, आणि त्या रिकाम्या जागेचे पैसे त्यानेच द्यायचे! हे सगळं मिळून जे घर उभं राहतं ते बांधणारा गवंडी घेऊ शकत नाही, त्याला रंग देणारा घेऊ शकत नाही, त्याचे नकाशे काढणारी माझ्या ऑफिसातली पोरगी घेऊ शकत नाही. मग घेतं कोण? ज्याला तिथे राहायचंच नाही तो.

ही पाथर्डी फाट्याकडच्या माझ्या एका इमारतीची हकिकत आहे. फार जुनी नाही. जागा विकत घेऊन बांधायची माझी ताकद केव्हाच संपली, म्हणून जागामालकाशी वाट्याने काम केलं. जागा त्याची, बांधकाम माझं. सात फ्लॅट. तीन त्याचे, तीन माझे, आणि सातवा दोघांचा मिळून. तो विकून जे येईल ते अर्धं अर्धं. वाटणीत कुणालाच नको असतो तोच फ्लॅट असा मागे राहतो. हा पहिल्या मजल्यावरचा, एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्याचं दार दक्षिणेला.

दक्षिणेचं दार म्हणजे काय हे आमच्या धंद्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक येतं, हवा बघतं, उजेड बघतं, नळ सोडून बघतं. मग मोबाइलवर होकायंत्र लावतं, सुई बघतं आणि बायकोकडे बघतं. दक्षिण यमाची दिशा. झालं, चपला घालून चालायला लागतात. इंजिनिअर असो, डॉक्टर असो, सगळे सारखे. त्यामुळे असा फ्लॅट भावात चांगलाच खाली येतो. आधी मला या प्रकाराची चीड यायची. मग लक्षात आलं की साध्या माणसाला परवडेल असं घर द्यायचा माझ्या हातात उरलेला हा एकच मार्ग आहे. सरकारच्या योजनेने जे होत नाही ते लोकांच्या भीतीने होतं. हसू येण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला ठाऊक. जिना वर येतो तिथली मोकळी जागा या फ्लॅटच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी लागते. दार दक्षिणेच्या भिंतीतून काढायचं आणि पूर्वेच्या भिंतीत बसवायचं म्हणजे गवंड्याचं एका दिवसाचं काम. हॉलमधली सोफ्याची जागा जाते, एवढंच. नकाशा काढतानाच मला हे दिसलं होतं आणि मी तोंड मिटून बसलो. पूर्वेचं दार दाखवलं असतं तर याचाही भाव बाकीच्यांएवढा झाला असता. जागामालकाने दक्षिण बघून नाक मुरडलं आणि म्हणाला, येईल त्या भावात घाला कुणाच्या तरी गळ्यात. मी म्हटलं, बरं दादा.

गळा माझ्या नजरेत होता. इंदिरानगरला माझ्या घरामागच्या गल्लीत एक जोडपं भाड्याने राहायचं. तो अंबडला कारखान्यात मशीनवर, कंत्राटी. ती सकाळी खासगी बालवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायची. एक मुलगी. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि घरमालकाला नेमका तेव्हाच भाचा आठवायचा, नाहीतर रंगकाम आठवायचं. त्या पोरीच्या शाळा बदलून बदलून तिला आता मैत्रिणी करायचाच कंटाळा आला होता. ती बाई एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती की कपाट घ्यायचं फार मनात येतं, पण पुढच्या घराच्या जिन्यातून ते वर जाईलच असं नाही, म्हणून घेत नाही. तीस वर्षं घरं बांधतोय आणि माझ्या मागच्या गल्लीत माणसं कपाटाचा असा विचार करतात!

दोघांना साइटवर नेलं. भाव सांगितला, तो त्यांना झेपत होता, अगदी कसाबसा. दिशा कळल्यावर नवरा घुटमळला. बायको नाही.

“काका, दार दक्षिणेला असू द्या नाहीतर पाताळात,” ती म्हणाली. “त्याला कुलूप आमचं पाहिजे.”

नवऱ्याची अडचण होती आईची. म्हातारी लासलगावकडच्या एका खेड्यात राहायची, विधवा, पोराने शहरात घर केलं हे ऐकायला कान लावून बसलेली. पण दक्षिणेच्या दाराच्या घरात ती पाणी पिणार नाही, असं तो म्हणाला. त्याचे वडील ज्या घरात गेले त्याचंही दार दक्षिणेलाच होतं. मी दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. फ्लॅट नावावर करा, ताबा घ्या, सहा महिने गप राहा, मग दार कुठे फिरवायचं तिथे फिरवा, गवंडी मी माझा देतो. पण तोपर्यंत दाराला हात लावायचा नाही, कारण तुमची सगळी स्वस्ताई त्या दारात आहे. दोघांनी माना डोलावल्या. जागामालकाने तो भाव त्यांच्यासमोर कबूल केला, चहा पाजला, पोरीच्या हातावर पेढा ठेवला. लिखापढी तेवढी राहिली. बँकेला आणखी एक कागद हवा होता, आणि कंत्राटी नोकरीवाल्याला बँका अशाही रांगेत मागेच उभं करतात. शेवटचा स्लॅब पडला की रजिस्ट्रेशन करू, असं ठरलं. आमच्या छोट्या धंद्यात शब्दावर चालायचं. चालायचं, असंच म्हणायला हवं आता.

त्यानंतर बाई रोज शाळा सुटल्यावर साइटवर यायची आणि त्या भिंतींना पाणी मारायची. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. नाशिक रोडनंतर बऱ्याच वर्षांनी मी असं गिऱ्हाईक बघत होतो, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटायचं.

शेवटचा स्लॅब पडतो त्या दिवशी साइटवर जेवण असतं. मिक्सरपुढे पूजा होते, मजुरांना पुरीभाजी आणि बुंदी, आणि ज्यांनी घरं बोलून ठेवलीत तेही घरच्यांना घेऊन येतात. आदल्या दिवशी मी सिमेंटच्या मागे वणवण करत होतो, साइटवर फिरकलोही नाही. नेमका त्या दुपारी त्या बाईचा हा पठ्ठ्या नवरा अर्धी सुट्टी टाकून आला. उद्या आई येणार आणि दक्षिणेचं दार बघणार, हे त्याला सहन होईना. त्याने मिस्त्रीला सांगितलं की साहेबांशी बोलणं झालंय, दार पूर्वेला घ्या. मिस्त्रीने त्याला कितीदा माझ्यासोबत बघितलेलं, त्याला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. संध्याकाळपर्यंत दक्षिणेची चौकट काढून भिंत बुजवली आणि पूर्वेला दाराएवढी भिंत फोडून चौकट उभी केली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही त्याने.

मी सकाळपासून वर स्लॅबवर. दुपारी खाली उतरलो तर पहिल्या मजल्यावर म्हातारी उभी, सोबत मुलगा, सून, नात. म्हातारीने माझ्यासाठी पिशवीभर कांदे आणले होते. तिने मला हात जोडले.

“पूर्वेला दार हाय. लय चांगलं केलं भाऊ तुम्ही,” ती म्हणाली.

मी वळून बघितलं. जिथे दार होतं तिथे ओली भिंत. मी पोराकडे बघितलं, तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याची बायको त्या ओल्या भिंतीकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, आणि तिचा चेहरा उतरत गेला तो मला अजून दिसतो. सासूसमोर ती एक शब्द बोलू शकत नव्हती. मीही नाही.

तेवढ्यात जागामालक जिना चढून आला, हातात बुंदीची प्लेट, मागे त्याचा जावई. जावई जागांची दलाली करतो. जागामालक त्या चौकटीत उभा राहिला, बाहेर तोंड करून, मग सावकाश आत तोंड करून. म्हणाला, ही तर पूर्व झाली की हो. मी म्हटलं, दादा, माल चढवायला तात्पुरती फोडलीय, उद्या बुजवतो. तो हसला. जावयाने मोबाइल काढून सुई बघितली आणि सासऱ्याला दाखवली. मग दोघं खाली गेले आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. रात्रभर शब्द जुळवले होते, हात जोडायचीही तयारी होती. म्हटलं, दादा, तुम्ही त्यांच्यासमोर शब्द दिलाय. तो संत्रं सोलत होता. मान वर न करता म्हणाला,

“शब्द दक्षिणेचा दिला होता. हे पूर्वेचं आहे.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, त्याची बायको आतून दार लावून बसली एवढं सांगतो. म्हटलं, आजच्या आज दार पुन्हा दक्षिणेला बसवतो, मग तर झालं? तो म्हणाला, बसवा की. पण आता मला कळलंय ना, ते कुठे पुसणार तुम्ही? त्याच्या वडिलांनी पहिल्यांदा प्लॉट पडले तेव्हा जमीन मातीमोल विकली होती आणि हा जन्मभर भावकीत त्याचे टोमणे ऐकत आला. आपल्याला पुन्हा कुणी गंडवायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मला ते कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही. ज्यांनी याच्या बापाला गंडवलं ते कुठल्या कुठे निघून गेले, आणि वसुली करायला याला सापडली कोण, तर बालवाडीची बाई!

वाढलेल्या भावातला माझा अर्धा वाटा मी सोडून दिला. त्याचा अर्धा तरी उरलाच, आणि तो त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. सही त्याची लागणार होती, जमीन त्याच्या नावावर होती. तुम्ही म्हणाल, तुमच्या तीनपैकी एक का नाही दिलात? तीन कसले माझे? दोन स्टीलवाल्याच्या आणि सिमेंटवाल्याच्या पोटात गेले, तिसरा गहाण. हेच तर सांगतोय मगापासून. लोकांना वाटतं बांधणाऱ्याकडे घरं असतात. त्या जोडप्याने बँकेत पुन्हा अर्ज केला, बँकेने पुन्हा मान हलवली. तो डबल शिफ्ट करायला लागला, जणू शिफ्टांनी ते अंतर भरून निघणार होतं. मला त्याला गदागदा हलवून विचारायचं होतं की गाढवा, सहा महिने तुला गप बसवलं नाही? एके दिवशी तो साइटवर आला तेव्हा मी तोंड उघडणारच होतो. त्याच्या बायकोने मला बाजूला घेतलं.

“काका, त्यांना काही बोलू नका,” ती म्हणाली. “आईसमोर त्यांना एकदाच मोठं व्हायचं होतं.”

मग काय बोलणार? गिळलं. पण ते शब्द आत कुजत राहतात, आणि ॲसिडिटी काय उगाच होत नाही.

फ्लॅट जावयाने विकला. घेणारा ठाण्याचा. तो घर बघायला नाशकाला आलाही नाही. जावयाने मोबाइलवर घर फिरवून दाखवलं, त्याने पलीकडून दोनच गोष्टी विचारल्या, दार पूर्वेला आहे ना आणि सिंहस्थानंतर भाव किती जाईल. ज्या भिंतींना त्या बाईने पाणी पाजलं होतं त्या त्याने बोटाएवढ्या पडद्यावर बघितल्या आणि विकत घेतल्या. रजिस्ट्रेशनच्या दिवशी जागामालकाने मला पेढा दिला. मी तो ऑफिसबाहेरच्या कुत्र्याला घातला.

इमारत पुरी झाली. काही महिन्यांनी त्या ठाणेकराचा फोन आला. फार गोड बोलला. फ्लॅट नुसता पडून आहे, चांगलं घरंदाज कुटुंब बघा भाड्याने, अकरा महिन्यांचा करार. मी दलाल नाही असं सांगून फोन आपटणार होतो. पण त्याच आठवड्यात बायकोकडून कळलं होतं की मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरमालकाला पुन्हा भाचा आठवलाय. दोन दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. जखमेवर मीठ कसं चोळायचं? शेवटी बायको वैतागून म्हणाली, तिच्या वतीने तुम्ही कोण ठरवणार, तिला विचारा तरी. मी फोन केला. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग भाडं विचारलं. मग म्हणाली, बघायला येते.

मी म्हटलं, अहो, तुम्ही बघितलाय तो.

“भाड्याने नाही बघितला,” ती म्हणाली.

मे महिन्यात सामान हललं. टेम्पो खाली उभा, मी उगाचच तिथे उभा, मजुरांवर खेकसत. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरी बसवलं नसतं. दुपारी म्हातारी एसटीने आली. रिकाम्या हाती नाही. पिशवीत हळदकुंकू, तांदूळ, आंब्याचा डहाळा. पूर्वेच्या दारात थांबली, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि उजवा पाय आत टाकला. सगळं घर फिरून आली. स्वयंपाकघराचा ओटा हाताने चोळून बघितला, खिडकी उघडून बघितली, नातीला म्हणाली, इथं तुझं टेबल ठेवू. तिचा चेहरा असा फुललेला की मला तिच्याकडे बघवेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हिला कुणी काही सांगितलंच नाही. पोराने गावात घर झालं म्हणून सांगितलं होतं, आणि मग ते परत घेणं त्याला जमलंच नाही.

म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, वास्तुशांतीला ब्राह्मण मी गावाकडूनच आणते, आमचा ठरलेला हाय, तुम्ही फक्त दिवस सांगा, भाऊ. तुमचं सगळं घर जेवायला पाहिजे. पोरगा गॅसच्या सिलिंडरपाशी उकिडवा बसून रेग्युलेटर लावत होता, लावून झालेला काढून पुन्हा लावत होता.

सून पडद्याला कड्या ओवत होती. तिने हात थांबवले नाहीत.

“आई,” ती म्हणाली, “भाड्याच्या घराची वास्तुशांत नसते.”

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. म्हातारीने सुनेकडे बघितलं, पोराच्या पाठीकडे बघितलं, हातातला डहाळा हळूच ओट्यावर ठेवला.

“मंग घर कोनाचं हाय हे?”

हे तिने पोराला नाही विचारलं. मला विचारलं, कारण बांधलं मी होतं.